आयर्लंड, पेस्को आणि एका गुरुवारचं मतदान

७ डिसेंबर २०१७. डब्लिनच्या लेन्स्टर हाऊसमध्ये आयर्लंडच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह, म्हणजे डॉल, एका ठरावावर मतदान करत होतं. युरोपीय संघाच्या 'कायमस्वरूपी संरचित सहकार्य' या संरक्षण-व्यवस्थेत देशाने सामील व्हावं की नाही, असा तो ठराव होता. या व्यवस्थेचं रोजच्या वापरातलं नाव पेस्को. डॉलच्या मतनोंदीत आयरिश भाषेतले शब्द असतात, 'तॉ' आणि 'नील'. आयरिशमध्ये नुसत्या 'हो'ला आणि 'नाही'ला शब्द नाही. 'तॉ' म्हणजे 'आहे' आणि 'नील' म्हणजे 'नाही आहे'. त्या दिवशी 'आहे'च्या बाजूला ७५ मतं पडली, 'नाही'च्या बाजूला ४२. सभागृह १५८ जणांचं होतं.

मराठीत 'तटस्थ' या एकाच शब्दाचे दोन अर्थ चालतात: युद्धात कुणाचीच बाजू न घेणारा देश, आणि मतदानात कुणालाच मत न देणारा सदस्य. मुळात तटावर उभा असलेला तो तटस्थ. या प्रकरणात एक तटस्थ देश पाण्यात पाय घालतो. पाय किती खोल जातोय हे मोजायचं काम संसदेचं होतं आणि ते तिने कसं केलं, एवढाच इथला प्रश्न आहे. पेस्को चांगलं की वाईट, यावर हे टिपण नाही. माणसांची नावंही फारशी घेतलेली नाहीत. पदं आणि पक्ष पुरेसे आहेत.

पार्श्वभूमी

आयर्लंडची तटस्थता संविधानात लिहिलेली नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ऑस्ट्रियाने १९५५ साली संविधानिक कायदा करून ती स्वीकारली, माल्टाच्या संविधानात ती १९८७ पासून आहे. आयर्लंडमध्ये ते सरकारी धोरण आहे. दुसऱ्या महायुद्धात देश बाहेर राहिला, १९४९ मध्ये नाटोत गेला नाही, आणि तीच वहिवाट पुढे चालू राहिली. सरकारी भाषेत तिला 'लष्करी तटस्थता' म्हणतात, म्हणजे कुठल्याही लष्करी आघाडीचं सदस्यत्व नाही. व्याख्या इतकी आखूड ठेवली की तिच्या बाहेरचं पुष्कळ काही करायला जागा उरते.

धोरणच असल्यामुळे ते राखायचं कुणी, हा प्रश्न कायम उघडा राहिला. त्याची उत्तरं तुकड्यातुकड्यांनी आली. युद्ध जाहीर करायचं तर डॉलची संमती हवी, हे संविधानात आहे. १९६० मध्ये काँगोला शांतिसैनिक पाठवायची वेळ आली तेव्हा कायदा बदलला. १२ पेक्षा जास्त सैनिकांची सशस्त्र तुकडी बाहेर पाठवायची तर संयुक्त राष्ट्रांचा आदेश, सरकारचा निर्णय आणि डॉलची मंजुरी, अशा तीन गोष्टी लागू लागल्या. यालाच पुढे 'तिहेरी कुलूप' असं नाव पडलं. २००१ मध्ये युरोपीय संघाच्या नीस कराराला जनमताने नकार दिला. तेव्हा सरकारने २००२ साली सेव्हिल इथे जाहीरनामा काढून याच कुलपाचा हवाला दिला आणि दुसऱ्या फेरीत करार मंजूर करून घेतला. संघाच्या पुढच्या लिस्बन कराराचंही तेच झालं: जून २००८ मध्ये नकार, ऑक्टोबर २००९ मध्ये होकार. देशाचा समावेश असलेली युरोपची सामायिक संरक्षण-व्यवस्था उभी करण्याचा युरोपीय परिषदेचा निर्णय आयर्लंड स्वीकारणार नाही, ही बंदी आता थेट संविधानात आहे. लिस्बननंतर युरोपीय करारांना एक खास प्रोटोकॉलही जोडला गेला. पेस्कोत जायचं की नाही हे सदस्य देश आपापल्या देशांतर्गत कायद्याप्रमाणे ठरवतील, असं त्यात पेस्कोचं नाव घेऊन लिहिलं आहे.

तो देशांतर्गत कायदा २००९ चा. पेस्कोत जायला सरकारच्या निर्णयासोबत डॉलची मंजुरीही हवी, ही अट त्याच्यामुळे आली.

एक जुनी जखमही सांगितली पाहिजे. नाटोच्या 'शांततेसाठी भागीदारी' या कार्यक्रमात जायचं तर जनमत घेतल्याशिवाय जाऊ नये, असं १९९६ मध्ये त्या वेळच्या विरोधी पक्षनेत्याने ठणकावून सांगितलं होतं. तोच नेता पंतप्रधान झाला आणि १९९९ मध्ये देश त्या कार्यक्रमात गेला, जनमत न घेता. 'हे पहिलं पाऊल आहे, पुढे विचारणार नाहीत' असं आयरिश आंदोलक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ही घटना असते. हा संशय हवेतला नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

लिस्बन करारातली पेस्कोची तरतूद आठ वर्षं तशीच पडून होती. २०१६ मध्ये ब्रिटनने बाहेर पडायचं ठरवलं, अमेरिकेचा भरवसा डळमळला आणि तरतुदीत एकदम जीव आला. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी २३ देशांनी सामील होत असल्याच्या पत्रावर सह्या केल्या. त्यात आयर्लंड नव्हता. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेची बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. तिथे पेस्को अधिकृतपणे सुरू व्हायचं होतं. संस्थापक म्हणून आत यायचं तर निर्णयाला जेमतेम चार आठवडे होते.

डब्लिनमधले ते आठवडे आठवून पाहा. सरकार अल्पमतातलं. फिना गेल पक्षाकडे २०१६ च्या निवडणुकीत मिळालेल्या ५० जागा होत्या आणि ४४ जागांचा फीना फॉल हा जुना प्रतिस्पर्धी बाहेरून टेकू देत होता. पोलीस दलातल्या एका प्रकरणावरून उपपंतप्रधानांना २८ नोव्हेंबरला राजीनामा द्यावा लागला, नाहीतर ऐन नाताळात निवडणूक लागली असती. ४ डिसेंबरला ब्रेक्झिटच्या आयरिश सीमेचा मसुदा अखेरच्या क्षणी फिसकटला. ८ डिसेंबरच्या पहाटे तो जुळला. पेस्कोचं मतदान त्याच्या आदल्या दिवशी झालं. देशातल्या प्रत्येक पत्रकाराचे डोळे ब्रसेल्स-लंडनकडे लागलेले असताना.

पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांकडचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणून आपल्याकडे त्यांची निवड झाली तेव्हा बातम्यांना ऊत आला होता. पण या प्रकरणात त्यांच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट निराळी आहे: संरक्षण खातंही तेव्हा त्यांच्याकडेच होतं. रोजचा कारभार एक राज्यमंत्री पाहत. म्हणजे ज्याच्यावर सभागृहाने देखरेख ठेवायची तो संरक्षणमंत्री आणि सभागृहाचा नेता एकच. मोठ्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न पंतप्रधानाला वेगळ्याने झेलावा लागतो, इथे ती फटच नव्हती.

पेस्कोत गेल्यावर अंगावर काय येणार होतं? २० बांधिलक्या. पहिलीच अशी, की ठरलेली उद्दिष्टं गाठण्यासाठी संरक्षण-खर्च प्रत्यक्ष मूल्यात नियमितपणे वाढवायचा. आयर्लंडचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास, संघात तळाला. (बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबांमुळे आयरिश सकल देशांतर्गत उत्पादन फुगलेलं दिसतं, म्हणून हा आकडा जरा जास्तच केविलवाणा वाटतो. पण तळ तो तळच.) दुसरीकडे, कुठल्या प्रकल्पात उतरायचं ते प्रत्येक देश स्वतः ठरवणार होता, आणि व्यवस्थेतून बाहेर पडायची वाटही होती. विरोधकांनी बांधिलक्यांवर बोट ठेवलं, सरकारने ऐच्छिकतेवर. दोघंही एकाच कागदातून वाचत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय माल्टाचा: बाहेरच राहायचं. डेन्मार्कही बाहेर होता, पण त्याचं कारण तटस्थता नव्हे, त्याची संरक्षणातली जुनी सूट. माल्टाची परिस्थिती जवळची होती आणि माल्टाचं त्यामुळे काही बिघडलं नाही. आयरिश सरकारने हा पर्याय गांभीर्याने घेतल्याचं दिसत नाही. शांतिसेनेत इतर युरोपीय सैन्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचं तर त्यांच्याच पद्धती आणि साधनं शिकायला हवीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मुद्दा खोटाही नव्हता. लेबनॉनमध्ये आयरिश सैनिक १९७८ पासून होते.

दुसरा पर्याय, आत्ता थांबून नंतर जायचं. करारात तशी सोय होती: मागून येणाऱ्या देशाला सामील देशांच्या विशिष्ट बहुमताने आत घेता येतं. सरकारचं म्हणणं, नियम ठरत असताना टेबलाशी नसलो तर दुसऱ्यांनी ठरवलेले नियम पाळावे लागतील. प्रकल्प चालवण्याचे सामायिक नियम पुढे जून २०१८ मध्ये ठरले, तेव्हा या म्हणण्यात तथ्य होतं. पण २०१८ चा जून म्हणजे डिसेंबरनंतर सहा महिने. त्या सहा महिन्यांतले दोन संसदेतल्या सुनावणीला दिले असते तरी टेबल हललं नसतं.

तिसरा पर्याय जनमताचा. १९८७ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हापासून युरोपीय करारांसाठी जनमत घ्यायची सवय देशाला आहे. पेस्को नवा करार नव्हता, लिस्बनमध्ये आधीच मंजूर झालेली तरतूद होती. त्यामुळे कायद्याने जनमताची सक्ती नव्हती आणि राजकीयदृष्ट्या ते कुणालाच नको होतं.

चौथा पर्याय होता अटींसह मंजुरी. म्हणजे ठराव मंजूर करायचा, पण त्यातच लिहून घ्यायचं की दरवर्षी ब्रसेल्सला जाणारा राष्ट्रीय अंमलबजावणी आराखडा आधी संसदीय समितीसमोर येईल, प्रत्येक प्रकल्पाची माहिती, अगदी निरीक्षक म्हणून बसलेल्या प्रकल्पांचीही, सभागृहाला मिळेल आणि पाच वर्षांनी फेरविचार होईल. या प्रकरणात मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती इथेच.

निर्णय आणि कृती

मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ठराव डॉलमध्ये आला, चर्चा झाली. शिन फेन, ग्रीन पक्ष आणि डाव्या गटांचे सदस्य विरोधात बोलले: ही घाई आहे, युरोपीय सैन्याकडे जाणारी पायवाट आहे, शस्त्रउद्योगाला करदात्याचा पैसा जाईल. सरकारची बाजू अशी: तिहेरी कुलूप जसंच्या तसं आहे, आपण फक्त आपल्याला हवे तेच प्रकल्प घेऊ, सायबर सुरक्षा आणि सागरी निगराणी यात आपला फायदाच आहे. फीना फॉलने सरकारला साथ दिली. ठराव मंजूर. त्याच दिवशी ब्रसेल्सला कळवलं. ११ डिसेंबरला मंत्रिपरिषदेने २५ देशांसह पेस्को स्थापन केलं. आयर्लंडसोबत पोर्तुगालही याच मागच्या डब्यात चढला होता.

आता दोन ठिकाणी जरा थांबू.

'तिहेरी कुलूप जसंच्या तसं आहे' हे विधान शंभर टक्के खरं होतं. पण ते कुलूप कशाचं आहे? सैनिक बाहेर पाठवण्याचं. बारा माणसं विमानात बसली की तेरावा मोजला जातो. तांत्रिक मानकं, सामायिक खरेदी, माहितीची देवाणघेवाण, एखाद्या प्रशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाची आखणी, यातलं काहीच या कुलपातून जात नाही. पेस्कोचा जवळजवळ सगळा ऐवज नेमका असाच आहे. सरकारने समोरच्या दाराचं कुलूप दाखवलं, विरोधकांनीही त्याच दाराकडे बोट करून 'तुटेल, तुटेल' म्हणून आरडाओरड केली. माल मागच्या दाराने येणार होता. त्याला दारच म्हणायचं की खिडकी, यावर चर्चा झाली असती तर संसदेचं काम झालं असतं.

दुसरं ठिकाण फीना फॉल. अल्पमतातल्या सरकारला ठराव मंजूर करून घ्यायला याच पक्षाची मतं लागणार होती. पक्षाचा पेस्कोला विरोध नव्हता, ठीक. पण पाठिंबा द्यायचाच आहे तर त्याची किंमत म्हणून वार्षिक अहवालाची अट मागायला काय हरकत होती? सरकारने ती नाकारली असती असं मला वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत गेलेल्या तुकड्यांचा वार्षिक अहवाल डॉलसमोर ठेवायची प्रथा १९९३ च्या कायद्यापासून आहेच, तिचंच पुढचं पान लिहायचं होतं. टेकू देणाऱ्याला घरमालकापेक्षा घराची जास्त माहिती मागता येते. हा अधिकार वर्षानुवर्षं मिळत नाही आणि मिळाला तेव्हा पक्षाने तो वापरला नाही.

पुढे काय झालं

मार्च २०१८ मध्ये पेस्कोचे पहिले १७ प्रकल्प जाहीर झाले. आयर्लंड दोनच प्रकल्पांत सहभागी झाला: सागरी निगराणी सुधारण्याचा एक आणि युरोपीय प्रशिक्षण मोहिमांच्या केंद्राचा एक. इतर बऱ्याच प्रकल्पांत निरीक्षक. निरीक्षक म्हणजे बैठकीला बसायचं, कागद वाचायचे, पैसे आणि माणसं द्यायची बांधिलकी नाही. आणि त्यासाठी सभागृहात 'तॉ-नील' होत नाही. युरोपीय सैन्य उभं राहिलं नाही, सक्तीने कुणी कुठे गेलं नाही. २०१७ च्या चर्चेतली मोठी भाकितं, दोन्ही बाजूंची, फसली.

मग २०२२ उजाडलं. जानेवारीत रशियाने आयर्लंडच्या नैऋत्येला, देशाच्याच आर्थिक क्षेत्रात, नौदल सराव जाहीर केला. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी सांगितलं, आमचे ट्रॉलर तिथेच मासेमारी करतील, हंगाम आमचा आहे. रशियाने सराव क्षेत्राबाहेर हलवला. रत्नागिरी-मालवणच्या वाचकांना यात काय गंमत आहे ते सांगायला नको. पण गंमत बाजूला ठेवली तर देशाकडे आपलं आकाश पाहायला लष्करी प्राथमिक रडार नव्हतं आणि नौदलाला बोटींवर माणसं पुरत नव्हती. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. त्याच महिन्यात आयर्लंडने नेमलेल्या संरक्षण दल आयोगाचा अहवाल आला. जुलैमध्ये सरकारने खर्च वर्षाला १.१ अब्ज युरोवरून २०२८ पर्यंत १.५ अब्जावर न्यायचं ठरवलं, तेही २०२२ च्या किमतींत. त्याच महिन्यात सरकार पेस्कोच्या आणखी चार प्रकल्पांत पूर्ण सदस्य म्हणून जाण्यासाठी पुन्हा डॉलमध्ये आलं: सायबर धोक्यांची माहिती वाटून घेणं, लष्करी आपत्ती-निवारण, विशेष दलांचं वैद्यकीय प्रशिक्षण आणि समुद्री सुरुंग शोधणारी स्वयंचलित यंत्रणा. मंजुरी मिळाली.

आता विचारा: खर्चातली ही वाढ पेस्कोच्या पहिल्या बांधिलकीमुळे झाली, की आयोगामुळे, की रशियामुळे? मला वाटतं, शेवटच्या दोन कारणांमुळे. विरोधक म्हणतील पहिल्यामुळे. २०१८ पासून दरवर्षीचा आराखडा समितीसमोर चर्चेला आला असता तर हा वाद ओळी दाखवून मिटवता आला असता. आता तो श्रद्धेचा विषय झाला आहे.

डेन्मार्क २०२३ मध्ये पेस्कोत गेला, आधी जनमत घेऊन. उशिरा आल्यामुळे त्याचं नुकसान झालं असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. माल्टा अजून बाहेर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

घाईबद्दल आधी. ११ डिसेंबरची तारीख आयर्लंडने ठरवली नव्हती, पण १३ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर हे २४ दिवस त्याच्या हातात होते. या काळात परराष्ट्र व संरक्षण समितीने लष्करप्रमुख, वित्त खातं आणि एक-दोन घटनातज्ज्ञांना बोलावून २० बांधिलक्या एकेक करून वाचल्या असत्या, तर चर्चेत 'युरोपीय सैन्य' हा शब्द निम्म्याने कमी आला असता. ब्रेक्झिटचा गोंधळ हे कारण समजण्यासारखं आहे, पण ते पुरेसं नाही. किंबहुना, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे आहे म्हणूनच समितीत नेणं जास्त गरजेचं होतं.

दुसरं, ब्रसेल्समध्ये निर्णय होण्याआधीची देखरेख. ऑस्ट्रियाही तटस्थ आणि पेस्कोतही. तिथे संसदेच्या समितीला मंत्र्याने युरोपीय बैठकीत काय भूमिका घ्यायची हे आधीच बांधून देता येतं. फिनलंड आणि डेन्मार्कमध्येही समितीचा कौल घेऊन मंत्री निघतो. आयर्लंडमध्ये मंत्री जाऊन येतो आणि मग प्रश्नोत्तरांत सांगतो. मंत्री पंतप्रधानच असेल तर विचारणाऱ्याची धार आणखी बोथट होते. ही पद्धत एका ठरावाने बदलत नाही, पण पेस्कोपुरता तरी प्रयोग करायला २०१७ ची वेळ योग्य होती.

विरोधकांचीही चूक सांगायला हवी. त्यांनी सगळी ताकद 'जाऊ नका' यावर लावली. मतं नव्हती, हरणार हे दिसत होतं. हरणाऱ्या बाजूला दुसरी लढाई लढता येते: जायचंच असेल तर या अटींवर जा. अटींची दुरुस्ती मांडली असती तर फीना फॉलला तिच्या विरोधात मत द्यायचं कारण शोधावं लागलं असतं. तत्त्वासाठी लढणाऱ्यांना अटींची भाषा तडजोडीची वाटते, हे मी समजू शकतो. पण देखरेख नेहमी अशा किरकोळ वाटणाऱ्या ओळींमध्येच असते.

सध्या तिहेरी कुलपाचीच चर्चा चालू आहे. सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार आपले सैनिक कुठे जातील हे ठरवतो, हे सरकारला पटत नाही. १९९९ मध्ये चीनच्या नकाराने मॅसेडोनियातली शांतिसेना संपली आणि २००३ मध्ये तिथल्या युरोपीय मोहिमेत आयर्लंडला जाता आलं नाही, हे उदाहरण सरकार नेहमी देतं. सुरक्षा परिषदेने लेबनॉनची मोहीम २०२६ अखेर गुंडाळायचं ठरवल्यावर या मुद्द्याला आणखी वजन आलं. २०२५ च्या विधेयकाच्या मसुद्यात संयुक्त राष्ट्रांची कडी काढली आहे. सरकार आणि डॉल या दोन कड्या राहतात आणि १२ सैनिकांची मर्यादा ५० वर जाते. संसदीय समितीत त्यावर सुनावण्या झाल्या. सैनिक किती, आदेश कुणाचा, यावर तास गेले. पेस्कोतल्या निरीक्षकाच्या खुर्च्यांचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा, याबद्दल मसुद्यात एक ओळही नाही.